पाणी पिवळं व्हायला हवं होतं

मागच्या जुलैत माझ्या धाकट्या भावाचे डोळे पिवळे झाले. त्याआधी चार दिवस नुसता ताप आणि मळमळ. त्याला वाटलं, नाक्यावरचा वडापाव बाधला. आईला वाटलं, बारावीच्या अभ्यासाचं टेन्शन. पाचव्या दिवशी सकाळी बेसिनसमोरच्या आरशात बघता बघता तो म्हणाला, "ताई, माझे डोळे बघ गं जरा." रिपोर्ट आला, हिपॅटायटिस ए. म्हणजे दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारी कावीळ. तीन आठवडे कॉलेज बंद, युनिट टेस्ट बुडाली आणि ऐन पावसाळ्यात घरात फक्त मऊ भात.

पंधरा दिवसांत आमच्याच बिल्डिंगमधले आणखी तिघं आजारी पडले. मग सोसायटीची मीटिंग झाली. त्यात दोन निर्णय एकमताने झाले. एक, धूरफवारणी करून घ्यायची. दोन, गटाराच्या कडेने ब्लीचिंग पावडर मारायची. दुसऱ्याच दिवशी आवारात धूर झाला, पावडरच्या पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या आणि सगळ्यांना एकदम बरं वाटलं. मलासुद्धा.

नंतर आरोग्य विभागातून एक ताई आल्या. त्यांनी बिल्डिंगच्या खालच्या नळाचं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात एका द्रावणाचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. मी विचारलं, "काय बघताय?" त्या म्हणाल्या, "पिवळं झालं की समजायचं पाण्यात क्लोरिन आहे." आम्ही सगळे नळीकडे बघत राहिलो. पाणी जसंच्या तसं, स्वच्छ, पारदर्शक. जे पिवळं व्हायला हवं होतं ते पाणी झालं नाही, भाऊ मात्र झाला होता.

एक गोष्ट आधीच सांगते. भावाला कावीळ आमच्या टाकीतल्या पाण्यामुळेच झाली, हे सिद्ध झालेलं नाही. हिपॅटायटिस ए चा विषाणू शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते सात आठवडे जातात. तोपर्यंत नेमकं कुठलं पाणी, कुठला बर्फाचा गोळा, कुठली पाणीपुरी, हे कोण सांगणार? पण त्या नळीमुळे मला एक प्रश्न पडला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. आपण जंतू मारायला निघतो तेव्हा नेमकं काय करत असतो? आणि जिथे करायला हवं तिथेच का करत नाही?

धूर दिसला की बरं वाटतं

आमची बॅच दहावीच्या भूगोलाचा पेपर रद्द झालेली बॅच. २०२० च्या त्या उन्हाळ्यात घरात बसून मी टीव्हीवर काय बघितलं असेल, तर फवारणी. रस्त्यांवर टँकरने सोडियम हायपोक्लोराइट मारतायत, भाजी मार्केटच्या दारात निर्जंतुकीकरणाचा बोगदा उभारलाय, माणसं हात वर करून त्यातून चालतायत. आम्ही दाराची कडी, दुधाची पिशवी, अगदी कोथिंबिरीची जुडीसुद्धा पुसून घेत होतो.

पण एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं होतं की माणसांवर जंतुनाशक फवारू नका, त्याने फायदा नाही, उलट डोळे, त्वचा आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यांवरच्या फवारणीबद्दलही तेच सांगितलं. कारण साधं आहे. रस्त्यावर धूळ आणि घाण असते, ती जंतुनाशक खाऊन टाकते. वर ते औषध पृष्ठभागावर जितका वेळ ओलं राहायला हवं तितका वेळ राहत नाही. तरी बोगदे चालूच राहिले. ५ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावं लागलं की माणसांवरच्या या फवारणीवर बंदी घालण्याचे आदेश काढा.

ही सवय कोविडची नाही, फार जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर शहराची गटारं कार्बोलिक ॲसिड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला. पुढच्या वर्षी पुण्यात घराघरात सोल्जर शिरले, लोकांचं सामान बाहेर काढून जाळलं गेलं. रँड आणि चापेकर बंधूंचा इतिहास आपण शाळेत शिकतो, तो याच मोहिमेतून घडला. आणि इतकं करून प्लेग थांबला का? नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. म्हणजे दोन वर्षं सगळी ताकद भिंती आणि गटारं धुण्यात गेली आणि उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिले.

आमच्या सोसायटीने जुलैत केलं ते याच जातीचं होतं. धुराने उडणारे डास मरतात. काविळीचा विषाणू डासातून येतच नाही. गटाराच्या कडेला पावडर टाकून टाकीतलं पाणी शुद्ध होत नाही. पण धूर दिसतो, पावडरचा वास येतो. काहीतरी झालं असं वाटतं.

मारायचं म्हणजे नेमकं काय?

आपण बोलताना 'सॅनिटाइझ' हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. पण यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली, साफ करणं. साबण-पाण्याने घाण आणि तिच्याबरोबर बरेचसे जंतू निघून जातात. दुसरी, निर्जंतुक करणं म्हणजे आजार पसरवणारे बहुतेक जंतू मारणं. क्लोरिन, अल्कोहोल, उकळतं पाणी ही कामं करतात. तिसरी, संपूर्ण निर्जंतुकीकरण. यात एकही जीव उरत नाही, अगदी काही जिवाणूंचे टणक कवचातले बीजाणूसुद्धा नाहीत. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालच्या वाफेत साधारण १५ मिनिटं ठेवतात ती यासाठी. तत्त्व घरच्या कुकरचंच. पिण्याच्या पाण्याला इतकं करायची गरज नसते. त्याला दुसरी पायरी पुरते, पण ती नीट व्हायला हवी.

नीट म्हणजे काय? कुठलंही जंतुनाशक घ्या, तीन गोष्टी बघाव्या लागतात. मात्रा किती, वेळ किती आणि मध्ये घाण किती.

मात्रेचं उदाहरण आपल्या बॅगेतल्या सॅनिटायझरचं. जितकं जास्त अल्कोहोल तितकं चांगलं, असं वाटतं ना? पण साधारण ७० टक्के अल्कोहोल हे ९५ टक्क्यांपेक्षा चांगलं काम करतं. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं आणि पाणी असलं की ते उडूनही लगेच जात नाही. वेळेचं उदाहरण लॅबचं. टेबलावर जंतुनाशक मारून लगेच फडका फिरवला की फक्त टेबल चकचकीत होतं. आणि घाणीचं उदाहरण म्हणजे गढूळ पाणी. त्यात क्लोरिन टाकलं तर ते जंतूंपर्यंत पोहोचायच्या आधी मातीत आणि कुजलेल्या कचऱ्यात खर्च होतं. म्हणून शुद्धीकरण केंद्रात आधी तुरटीसारखं काहीतरी टाकून गाळ बसवतात, मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि नंतर क्लोरिनचा मुख्य डोस देतात.

पाण्यात क्लोरिन टाकण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यावरून कोर्टात केस चालू होती. पाणी कंपनीचे सल्लागार डॉक्टर जॉन लील यांनी कोणालाही न विचारता जलाशयाच्या पाण्यात क्लोराइड ऑफ लाइम मिसळायला सुरुवात केली. विषारी केमिकल लोकांच्या पाण्यात? आरडाओरडा झाला. पण शेवटी कोर्टाने ती पद्धत मान्य केली आणि मग एकामागून एक शहरांनी ती उचलली. त्यांनी वापरलेली पावडर म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीत निळ्या-पांढऱ्या पोत्यात येते ती टीसीएल पावडरच.

भिवंडीतून जाणारं पाणी, भिवंडीत येणारं पाणी

आता आपल्या गावाकडे येऊ. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामं आठवतात आणि ट्रॅफिक आठवतं. पाणी कोणाला आठवत नाही. पण मुंबईच्या पाण्याचा एक मोठा हिस्सा शुद्ध होतो तो आपल्याच तालुक्यात. भातसा नदीचं पाणी पिसे इथे उचललं जातं, पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मोठाल्या जलवाहिन्यांमधून मुंबईकडे जातं. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं. ते 'स्टेम' प्राधिकरणाचं पाणी ठाणे, मीरा-भाईंदर आणि भिवंडीला मिळतं. भिवंडी-निजामपूर महापालिका स्टेमकडून पाणी घेते, मुंबई महापालिकेकडून घेते आणि थोडं कामतघरच्या वऱ्हाळा तलावातून घेते. २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर असलेलं हे शहर या तीन ठिकाणच्या पाण्यावर चालतं.

केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरिन थोडं जास्तच ठेवतात. ते तिथले जंतू मारण्यापुरतं नसतं. पाणी मैलोन् मैल पाइपमधून जाणार, वाटेत कुठे ना कुठे काहीतरी मिसळणार, त्याच्याशी लढायला थोडं क्लोरिन शिल्लक राहावं म्हणून. याला म्हणतात उर्वरित क्लोरिन. भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की ग्राहकाच्या नळाला हे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा पाच हजारावा भाग! आमच्या बिल्डिंगमधल्या नळीत जे दिसायला हवं होतं ते एवढंसं.

शेवटचे शंभर फूट

मग हे क्लोरिन जातं कुठे? आणि जंतू येतात कुठून?

आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळी येतं, मग बंद होतं. पाणी चालू असताना पाइपमध्ये दाब असतो. गळती असली तरी पाणी आतून बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब जातो. काही ठिकाणी उलटी ओढ तयार होते आणि त्याच फटीतून आजूबाजूचं पाणी आत येतं. गल्लीत पाण्याचा पाइप आणि गटार शेजारी शेजारी असतील तर ते पाणी कुठलं, हे वेगळं सांगायला नको. त्यात आपण लाइनला थेट टुल्लू पंप लावतो. शेजाऱ्यापेक्षा दोन बादल्या जास्त ओढायला लावलेला पंप पाइपमधली ओढ आणखी वाढवतो. पाण्याबरोबर काय ओढलं जातंय, हे पंपाला कळत नाही.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी एकाच शहरातल्या दोन प्रकारच्या नळांची तुलना केली आहे. काही भागांत चोवीस तास पाणी, बाकी ठिकाणी ठरावीक वेळी. केंद्रातून निघताना पाणी शुद्धच होतं. पण ठरावीक वेळी येणाऱ्या नळांत मैलापाण्याची खूण असलेले जिवाणू कितीतरी जास्त वेळा सापडले.

पाणी मीटरच्या पुढे गेलं की आणखी एक टप्पा सुरू होतो. जमिनीखालची टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी, पाइप, आपला नळ. शेवटचे शंभर फूट म्हणा. आमची जमिनीखालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरपासून जेमतेम सहा-सात पावलांवर आहे. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात फुटलंय. शेवटची साफसफाई कधी झाली, हे मी मीटिंगमध्ये विचारलं तर तीन काकांनी तीन वेगवेगळी वर्षं सांगितली. टाकीत गाळ साचला की क्लोरिन त्यातच संपतं. टाकीच्या भिंतीला जो बुळबुळीत थर येतो ना, त्याच्या आत जंतू आरामात राहतात. वरून जाणारं थोडंसं क्लोरिन त्यांना शिवतही नाही.

आणि आपल्या शहरात टाकी असणं हीसुद्धा चैन आहे. यंत्रमाग कामगारांच्या खोल्यांमध्ये पाणी ड्रममध्ये साठवतात. शिफ्टमध्ये झोपणारी आठ-दहा माणसं एकाच ड्रममधून पाणी घेतात. ज्या भिशीत ती जेवतात तिथेही पिंप, त्यावर एक डबा आणि तो डबा बुडवणारे अनेक हात. या लेखासाठी मी एका भिशीत जाऊन बसले होते. पिंपातलं पाणी कुठून येतं हे विचारल्यावर मालकाने सरळ सांगितलं की कधी नळाचं, कधी बोरिंगचं, कधी टँकरचं. जे मिळेल ते. कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर. माझ्या भावाची टेस्ट बुडाली, त्याची पुन्हा होईल. लूमवरच्या माणसाला कावीळ झाली तर तीन आठवड्यांची कमाई बुडते आणि गावाकडे जाणारे पैसे थांबतात.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आपल्यासारखंच दुसरं गाव बघा. इचलकरंजी, तेही यंत्रमागाचं. तिथे २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची साथ आली. हजारो लोकांना कावीळ झाली, काहींचा जीव गेला. किंवा पुणे बघा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत अचानक गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तरुण, धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काही व्हेंटिलेटरवर गेले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पोटाच्या साध्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, असा हा आजार. पाण्याची तपासणी सुरू झाली तेव्हा काही ठिकाणच्या नमुन्यांत क्लोरिन सापडलंच नाही. पाणी विकणारी अनेक खासगी आरओ केंद्रंही बंद करावी लागली.

"आमच्याकडे आरओ आहे"

काविळीनंतर आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरांत नवीन फिल्टर आले. आमच्याकडेही हप्त्यांवर आला. चांगला आरओ, वेळेवर बदललेल्या मेम्ब्रेनसकट, जंतू अडवतो. यूव्हीचा दिवा चालू असेल आणि पाणी गढूळ नसेल तर तोही जंतूंना निकामी करतो. पण या दोघांची एक मर्यादा आहे. ते त्या क्षणापुरतं काम करतात. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. मग ते पाणी न धुतलेल्या बाटलीत भरलं किंवा हात बुडवून काढलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. उकळलेल्या पाण्याचंही तसंच. खळखळून उकळी येऊन एक मिनिट गेलं की आजाराचे जंतू मेले, पण ते झाकून ठेवणं आणि ओगराळ्याने काढणं आपल्याच हातात.

आणि त्याच नळाच्या पाण्याने आपण दात घासतो, कोथिंबीर धुतो, ताट विसळतो. फिल्टरच्या नळाला कोणी भाजी धुतं का? घरात आरओ असूनही बाहेरच्या सरबतातला बर्फ त्याच टाकीच्या, त्याच टँकरच्या पाण्याचा असतो. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात भिंत बांधली तरी गल्लीतलं पाणी सगळ्यांचं एकच राहतं. भिशीतल्या पिंपाला तर फिल्टर कोण बसवणार?

क्लोरिनबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, वास येतो. दुसरी, त्यातून घातक रसायनं तयार होतात. दुसरी तक्रार अगदीच खोटी नाही. पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी क्लोरिनचा संयोग होऊन काही नको असलेले पदार्थ तयार होतात. म्हणूनच आधी पाणी नीट गाळायचं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे की या पदार्थांचा धोका निर्जंतुकीकरण न करण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे. म्हणून त्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. उरला वास. पाणी थोडा वेळ उघड्या पातेल्यात ठेवलं की तो बराचसा जातो. खरं तर हलका वास आला तर तक्रार करण्याऐवजी हुश्श म्हणायला हवं.

गावाला कार्ड, बिल्डिंगला काय?

हा लेख लिहिताना मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते एका गोष्टीचं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाहणी होते. विहिरीभोवती घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल पावडर पुरेशी आहे का, हे सगळं बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे जोखीम मोठी. गावात पाण्यात पावडर टाकण्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. पद्धत कुठे नीट चालते, कुठे कागदावर राहते. पण निदान गावातल्या कोणालाही विचारता येतं, "आपलं कार्ड कुठलं?"

आमच्या बिल्डिंगला असं काहीच नाही. पालिकेची जबाबदारी लाइनपर्यंत, म्हणे. लाइनच्या पुढे सोसायटी. सोसायटीत सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीला पार्किंगच्या भांडणातून वेळ नाही. भाड्याने राहणाऱ्याला वाटतं घरमालक बघेल, घरमालक राहतो कल्याणला. शेवटच्या शंभर फुटांचं पाणी कोणाच्याच वहीत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याबद्दल भांडताही येत नाही.

आपण काय करू शकतो? मला वाटतं, हे काम आपल्या वयाच्या मुलांना सहज जमण्यासारखं आहे. क्लोरिन तपासणीचं साधं किट महाग नसतं. पूर्वीपासून चालत आलेली ओटी टेस्ट पिवळा रंग दाखवते. आता डीपीडी गोळीचं किट जास्त चांगलं मानतात, त्यात गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितकं क्लोरिन जास्त. मैलापाणी मिसळलंय का हे बघायला एचटूएसची बाटली मिळते. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही सोपी पद्धत आहे. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पाण्यात गडबड. क्लोरिनची टेस्ट पाच मिनिटांची. कॉलेजच्या एनएसएस युनिटने दर शनिवारी आपल्या आसपासच्या दहा बिल्डिंग आणि दोन भिश्या वाटून घेतल्या, नळाचं पाणी तपासलं आणि आकडा तारखेसह लिफ्टजवळच्या बोर्डावर लावला, तर? गावाचं कार्ड तसं बिल्डिंगचं कार्ड. सलग तीन आठवडे शून्य दिसलं की लाइनवरच्या नळाचा आणि टाकीनंतरच्या नळाचा आकडा वेगवेगळा घ्यायचा. लाइनवर क्लोरिन आहे आणि टाकीनंतर नाही, तर दोष आपल्या टाकीचा. लाइनवरच नाही, तर तोच कागद घेऊन पाणीपुरवठा विभागात जायचं. "पाणी घाण येतंय" या तक्रारीपेक्षा "तीन शनिवार शून्य" ही तक्रार टाळणं अवघड जातं.

टाकी धुऊन झाली, झाकण बसवलं, तरी साथीच्या दिवसांत टाकीत टीसीएल पावडर वापरता येते. आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम. पावडर थेट ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि निदान अर्धा तास नळ बंद ठेवायचा. तो अर्धा तास महत्त्वाचा. मात्रा, वेळ, घाण हे तीनही तिथेच येतात. आणि पावडर जुनी, दमट झालेली नको, कारण उघड्यावर राहिली की तिच्यातलं क्लोरिन उडून जातं. सोसायटीच्या मीटर रूममध्ये दोन पावसाळे पडून असलेलं पोतं म्हणजे नुसता चुना.

आमच्या बिल्डिंगचं सांगते. टाकी ऑगस्टमध्ये धुतली. तळाशी जो गाळ निघाला तो बघून वॉचमन काकांनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं. नवीन झाकण बसलं. मी आणि भावाने मिळून किट आणलं. पहिल्या शनिवारी टेस्ट केली तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा धूर मारायला बोलवा की." दुसऱ्या शनिवारी त्या स्वतःच ग्लासभर पाणी घेऊन खाली आल्या, "आमच्या नळाचंही बघ गं."

ड्रेनेजचं चेंबर अजून तिथेच आहे, टाकीपासून सहा-सात पावलांवर. ते हलवायला खर्च आहे आणि मीटिंगमध्ये त्यावर एकमत होत नाहीये. दोन शनिवार पुन्हा शून्यही आलं. पण आता शून्य आलंय हे कळतं आणि त्या दिवशी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज जातो, आज पाणी उकळून प्या.

परवा भाऊ कॉलेजला जाता जाता बोर्डासमोर थांबला. आकडा ०.२ होता. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "पास."